प्रेक्षागारांची भव्यता आणि कळंबोलीचे मैदान

मुंबईहून येणारा सायन-पनवेल महामार्ग जेथे संपत येतो, पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग जेथे आरंभ पावतो, आणि उरणच्या बंदराकडून व मुंब्र्याकडून येणारे अवजड मालमोटारींचे दोन अखंड प्रवाह जेथे एकमेकांत मिसळतात, त्या कळंबोलीच्या स्थानाचा एक विशेष फारसा कोणाच्या ध्यानी आलेला दिसत नाही. महाराष्ट्रातील दोन अत्यंत भव्य स्टेडियमांच्या मधल्या वाटेवर ही वसाहत वसलेली आहे. महामार्गाने मुंबईच्या दिशेने थोडे गेले की नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम दृष्टीस पडते, ज्यात सुमारे 55,000 प्रेक्षकांची सोय आहे. आणि द्रुतगती मार्गाने बोरघाट ओलांडून त्याच्या पुण्याकडील टोकाशी पोहोचले की गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे, 40,000 च्या आसपास आसनांचे, डोंगरांच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले देखणे स्टेडियम लागते. या दोन टोकांच्या मध्ये, लोखंड बाजाराच्या गोदामांलगतच्या इमारतींत आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या लहान घरांत जी मुले वाढत आहेत, त्यांनी सायंकाळी चेंडू घेऊन जावे कोठे, हा प्रश्न मात्र राज्याच्या क्रीडाविषयक चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. तो उपस्थित करावा, आणि तो कोणाच्या दप्तरात पडून आहे हेही सांगावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

स्टेडियमांच्या बाबतीत महाराष्ट्राची श्रीमंती वादातीत आहे. मुंबईत बॅकबेच्या भरावावर 1937 साली ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले. त्यापासून हाकेच्या अंतरावर 1974 साली वानखेडे स्टेडियम आले. नागपूरच्या सीमेवर जामठा येथे विदर्भ क्रिकेट असोसिएशनने 2008 साली 45,000 प्रेक्षकांचे विस्तीर्ण स्टेडियम बांधले. आणि पुण्याजवळ बालेवाडी येथे 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने श्री शिवछत्रपती क्रीडानगरी वसविण्यात आली. यांपैकी वानखेडेची जन्मकथा येथे स्मरण्याजोगी आहे. ब्रेबोर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, कसोटी सामने भरविण्याचा अधिकार मुंबई क्रिकेट असोसिएशनचा, आणि या दोहोंमध्ये तिकिटांच्या वाटपावरून उद्भवलेला तंटा विकोपास जाऊन तत्कालीन विधानसभाध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने दुसरे स्टेडियम अत्यल्प काळात उभारले गेले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. देशातील सर्वांत दाटीच्या शहरात, जेथे मोकळ्या जमिनीचा तुकडा सोन्याच्या मोलाने मिळत नाही, तेथे हाकेच्या अंतरावर दोन स्टेडियमे उभी राहिली, आणि त्याचे कारण खेळाडूंना जागा अपुरी पडत होती हे नव्हते. प्रेक्षकांच्या खुर्च्यांची वाटणी समाधानकारक होत नव्हती, हे होते. वानखेडेने पुढे भारतीय क्रिकेटला जे दिले, 2 एप्रिल 2011 ची विश्वचषकाची रात्र ज्यांनी पाहिली ती पिढी जे कधी विसरणार नाही, त्याचे मोल मी तिळमात्र कमी लेखीत नाही. परंतु क्रीडेसाठी म्हणून खर्च होणारी जमीन आणि द्रव्य प्रत्यक्षात कोणासाठी खर्च होतात, हा विचार त्या जन्मकथेतूनच सुरू व्हावयास हवा.

भव्य स्टेडियमांना माझा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट. नेरूळच्या ज्या स्टेडियममध्ये 2008 आणि 2010 साली आयपीएलचे अंतिम सामने झाले, ज्यात 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आणि 2022 साली मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना रंगला, त्याच स्टेडियममध्ये 2 नोव्हेंबर 2025 च्या मध्यरात्री हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा 52 धावांनी पराभव करून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक प्रथमच भारतात आणला. त्याआधी तीनच दिवस, तेथेच, ऑस्ट्रेलियाने ठेवलेले 339 धावांचे लक्ष्य जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127 धावांच्या बळावर पार झाले होते. कळंबोली, कामोठे, पनवेल, उलवे या वसाहतींतल्या कितीतरी मुली त्या रात्री जाग्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी बॅट हाती घ्यावी असे ज्यांना वाटले नसेल अशा फारच थोड्या असतील. ज्या वास्तूत मुलींच्या एका पिढीच्या मनात आकांक्षेचा अंकुर फुटतो, ती वास्तू समाजाच्या आदरास पात्र आहे, यात संशय नाही. माझे म्हणणे त्या अंकुराच्या पुढील भवितव्याविषयी आहे. दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला नेरूळच्या स्टेडियमचा उपयोग नाही. तिला घरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, संध्याकाळी दिवा असलेली, मुलांनी आधीच व्यापून न टाकलेली आणि मांडवाच्या खांबांनी न उखडलेली जमीन हवी आहे. त्याच संघाची उपकर्णधार स्मृती मानधना ज्या सांगलीत वाढली, तेथे विश्वचषकाच्या तोडीचे एकही स्टेडियम नाही. तिला लाभले ते घरचे प्रोत्साहन, नियमित सराव आणि सरावाला जागा.

भव्य प्रेक्षागार आणि रोजचे मैदान यांच्यामध्ये विरोध असलाच पाहिजे असे नाही, आणि याचा पुरावा शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. तो कोल्हापुरात शंभर वर्षांहून अधिक काळ उभा आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने युरोपास गेले असता रोममधील कलोसियम त्यांच्या पाहण्यात आले. दुसरा एखादा संस्थानिक त्या वास्तूची तसबीर घेऊन परतला असता. महाराजांनी तिची कल्पना आणली, आणि 1912 साली खासबाग मैदान आकारास आले. मध्ये लाल मातीचा हौदा, आणि त्याच्या सभोवती वर्तुळाकार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना. कोणत्याही बाजूस, कितीही मागे बसलेल्या माणसास हौद्यातील दोन्ही मल्ल आपादमस्तक दिसावेत, ही त्यामागील दृष्टी. ज्या प्रेक्षकासाठी ती रचना होती, तो गादीवर बसणारा मानकरी नव्हता. पन्हाळ्याकडून, कागलाकडून, गडहिंग्लजकडून बैलगाडीत आलेला शेतकरी होता. शेजारीच 1915 साली महाराजांनी नाट्यगृह बांधविले, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मल्लविद्या आणि नाट्यकला यांना एकाच अंगणात जागा देणारा असा राज्यकर्ता आपणांस पुन्हा लाभला नाही, असे मला मनःपूर्वक वाटते.

परंतु खासबागेचे खरे मर्म वास्तूपेक्षा निराळ्याच ठिकाणी आहे. ते मैदान एकाकी नव्हते. त्याच्या पाठीमागे गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची रांग उभी होती. पेठेपेठेत पहाटे शड्डू घुमत होते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली हौद्याची माती जपणारे वस्ताद होते. मल्लाच्या खुराकासाठी दरबारातून तरतूद होती, आणि उत्तरेकडील नामांकित पैलवानांनाही तेथे आश्रय होता. ज्या शहरात हजारो मुले प्रत्यक्ष कुस्ती खेळत होती, त्या शहराला कुस्ती पाहण्यासाठी एवढे विशाल मैदान लागले. क्रम तो होता, आणि तोच स्वाभाविक क्रम आहे. मुळे खोल गेलेल्या वडालाच विस्तार शोभतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक दिले, ते याच मातीतून घडले, आणि त्यांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. विदर्भातही हाच क्रम दिसतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून आखाड्यांतून जी तरुण मंडळी तयार केली, त्यांनी 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगापुढे मांडले. त्या मंडळींच्या पाठीशी आखाडा होता, शिस्त होती, आणि गावाने राखून ठेवलेली जमीन होती.

नवी मुंबईत हा क्रम उलटा होण्याचा धोका आहे. या शहराच्या जमिनीचा इतिहास अद्याप अनेकांच्या स्मरणात ताजा आहे. 1970 साली सिडको स्थापन झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील 95 गावांच्या जमिनी सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून संपादित झाल्या. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीवरची वहिवाट गेली. वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्यात जानेवारी 1984 मध्ये पाच आंदोलकांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. ज्या सार्वजनिक प्रयोजनाच्या नावाखाली ही जमीन घेण्यात आली, त्यात रस्ते होते, घरे होती, आणि सेक्टरासेक्टरांच्या नकाशांवर हिरव्या रंगाने दाखविलेली क्रीडांगणेही होती. म्हणून क्रीडांगणासाठी आरक्षित असलेला नवी मुंबईतील प्रत्येक भूखंड हा शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीच्या बदल्यात समाजाला दिलेले लेखी वचन आहे, असे मी मानतो, आणि त्या वचनाची किंमत बाजारभावाने ठरविण्याचा अधिकार कोणत्याही प्राधिकरणास नाही.

हा धोका काल्पनिक नाही, हे घणसोलीच्या प्रकरणाने सिद्ध केले आहे. तेथे शासकीय क्रीडासंकुलासाठी 2003 साली 20 एकर जमीन मुक्रर झाली होती. संकुल उभे राहिले नाही. उलट 2016 मध्ये त्यातील काही भाग निवासी व व्यापारी बांधकामासाठी खासगी विकासकास देण्यात आला, आणि 2021 मध्ये राज्य शासनाने हे संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नाणोरे या गावी, सुमारे 115 किलोमीटर अंतरावर, नेण्याचा निर्णय घेतला. वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने याविरुद्ध दाद मागितली. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल ठरविला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. मुलांनी 115 किलोमीटर अंतरावर जाऊन खेळावे, असा हुकूम काढताना संबंधित दप्तरांतून ती नस्ती किती मेजांवरून फिरली असेल, आणि एकाही मेजावर कोणी लेखणी थांबवू नये, याचे दुःख न्यायालयीन विजयाच्या आनंदाहून मोठे आहे. घणसोलीला वास्तुविशारद जागे होते म्हणून जमीन वाचली. कळंबोलीला, तळोजाला, कामोठ्याला कोण जागे आहे, हा माझा प्रश्न आहे.

दरम्यान मुंबईच्या परिसरात एक लक्ष प्रेक्षकांचे स्टेडियम उभारण्याचा मनोदय जाहीर झालेला आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्थापना 1930 ची. तिची शताब्दी जवळ येत असल्याने अशा भव्य स्मारकाची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि भिवंडीनजीक आमणे येथील जागेचीही त्यासाठी चर्चा झाली. अहमदाबादेत 1,32,000 आसनांचे स्टेडियम उभे राहिल्यापासून आसनसंख्येची ही स्पर्धा अधिक तीव्र झाली आहे. या स्पर्धेत उतरण्यापूर्वी ब्राझीलकडे एक दृष्टिक्षेप टाकावा. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी त्या देशाने ॲमेझॉनच्या अरण्यातील मनाउस शहरात 40,000 हून अधिक आसनांचे स्टेडियम बांधले, जेथे ते भरू शकेल असा पहिल्या श्रेणीतील एकही संघ नव्हता. राजधानीतील प्रचंड खर्चाच्या स्टेडियमचे आवार विश्वचषकानंतर बसगाड्या उभ्या करण्यासाठी वापरावे लागले. हा तोच देश, ज्याचे फुटबॉल गल्लीबोळांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर जन्मले. खेळ जिवंत ठेवणाऱ्या जागा आणि खेळ मिरविणाऱ्या जागा यांचा जमाखर्च तेथेही नीट मांडला गेला नाही.

आता कळंबोलीविषयी. मुंबईच्या कर्नाक बंदर-दारूखाना भागातील पोलादाचा व्यापार शहराबाहेर हलविण्याच्या धोरणातून ही वसाहत नावारूपास आली, आणि त्या व्यापारामागोमाग सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेली माथाडी कुटुंबे येथे स्थिरावली. ज्या जिल्ह्यांनी महाराष्ट्राला मल्ल दिले, त्याच जिल्ह्यांची नातवंडे आज कळंबोलीच्या सेक्टरांत राहतात. यांतल्या अनेकांच्या आजोबांनी खासबागेत वा गावच्या जत्रेतल्या फडात अंगाला माती लावलेली आहे. दुसऱ्या बाजूस मूळच्या आगरी गावांची कबड्डीची परंपरा आहे. रायगड जिल्ह्याने राज्याला आणि देशाला कबड्डीपटू दिले ते गावदेवीसमोरच्या अंगणांतून, आणि भातकापणी झाल्यावर उघड्या पडलेल्या खाचरांत टेनिस चेंडूवर जे क्रिकेट येथे रात्ररात्र खेळले जाते, त्याचा उत्साह तर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळावयाचा नाही. म्हणजे परंपरा आहे, रक्त आहे, इच्छा आहे. उणीव आहे ती जमिनीच्या तुकड्याची. खाचरे संपत आली. रस्त्यांच्या कडा अवजड वाहनांच्या रांगांनी व्यापलेल्या आहेत, आणि त्या वाहनांच्या चाकांखाली गेलेला चेंडू वाकून शोधणारे मूल हे कळंबोलीचे नित्याचे दृश्य आहे. शेजारच्या खारघरात गोल्फसाठी एक संपूर्ण खोरे राखून ठेवता आले; मग येथे कबड्डीच्या मैदानापुरती, दोन तालमींपुरती, मुलींच्या क्रिकेटच्या एका जाळीपुरती जमीन निघत नाही, हे कोणत्या न्यायाने मान्य करावे?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जिचा उच्चार क्रीडेच्या चर्चेत होत नाही. कळंबोलीचा बराचसा भाग सखल आहे; भरतीचे पाणी आणि पावसाचे पाणी यांच्या कात्रीत ही वसाहत दरवर्षी सापडते, आणि 26 जुलै 2005 च्या प्रलयात येथील घराघरांत पाणी शिरल्याची आठवण जुन्या रहिवाशांच्या मनातून गेलेली नाही. अशा वसाहतीत मातीचे मोकळे मैदान हे पाणी पिऊन घेणारे, क्षणभर थोपवून धरणारे साधन असते. ते फरसबंद केले, त्याच्यावर सभागृह चढविले, की मुलांचे खेळणेही जाते आणि पाण्याची वाटही अडते. खेळाच्या मैदानाचे काँक्रीटीकरण करून त्यास सुशोभीकरण म्हणण्याची जी पद्धत अलीकडे रूढ होत आहे, तिला म्हणूनच माझा सक्त विरोध आहे.

राज्याच्या क्रीडाधोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडासंकुलांची कल्पना मांडली, आणि ती योग्यच होती. पण ज्या काळी ती मांडली गेली, त्या काळी पनवेल तालुक्याचे रूप निराळे होते. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. आज तिच्या हद्दीतील एकेक वसाहत जुन्या तालुक्याच्या गावाएवढी मोठी झाली आहे. तालुक्याला एक संकुल हा हिशेब अशा ठिकाणी पुरा पडत नाही. येथे एकक सेक्टर हेच धरले पाहिजे.

यास्तव पनवेल महानगरपालिका आणि सिडको या दोघांकडे माझी काही मागणी आहे, आणि ती पूर्ण करण्यास एक लक्ष आसनांच्या स्टेडियमच्या खर्चाचा अल्पांशही लागणार नाही. कळंबोलीच्या प्रत्येक सेक्टरात क्रीडांगण म्हणून आरक्षित असलेल्या भूखंडांची रीतसर मोजणी करून त्यांची यादी, क्षेत्रफळासह, मराठीत, प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी, आणि प्रत्येक भूखंडावर त्याचे आरक्षण सांगणारा फलक उभा करावा, म्हणजे उद्या त्याच्या वापरात फेरबदल करणाऱ्याला तो फलक दिवसाढवळ्या उतरवावा लागेल. शाळांना भूखंड देताना लगतचे क्रीडांगण शाळेच्या वेळेनंतर परिसरातील मुलांसाठी खुले ठेवण्याची अट घालण्याची सिडकोची जी पद्धत आहे, तिची अंमलबजावणी व्हावी. फाटकाला कुलूप असेल तर ते कोणाच्या हुकुमाने आहे, हे विचारले जावे. मांडव, सभा, प्रदर्शने यांना क्रीडांगण भाड्याने देण्याच्या दिवसांना वर्षातून निश्चित मर्यादा असावी, आणि उखडलेली जमीन पूर्ववत करून देण्याची अनामत आधी घेतली जावी. मुलींसाठी संध्याकाळचे दोन तास राखून ठेवावेत, दिव्यासह आणि स्वच्छतागृहासह. आणि माथाडी कुटुंबांच्या या वसाहतीत निदान एक तालीम, लाल मातीच्या हौद्यासह, महापालिकेने बांधून वस्तादाच्या स्वाधीन करावी.

एक लक्ष प्रेक्षकांचे स्टेडियम बांधायचे असेल तर ते अवश्य बांधावे, पण त्याची मंजुरी ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी सभोवतालच्या वसाहतींतील क्रीडांगणांची ही यादीही शासनाने प्रसिद्ध करावी, असा ठराव पनवेल महापालिकेने करून शासनाकडे पाठवावा. आणि कळंबोलीकर वाचकांना माझी विनंती अशी की, आपल्या सेक्टराचा नकाशा सिडकोच्या कार्यालयात जाऊन मागून घ्या, त्यावरील क्रीडांगणाचा भूखंड ओळखा, आणि आज त्याच्यावर काय उभे आहे ते स्वतः जाऊन पाहा. तेथे खेळाशिवाय दुसरे काही उभे असेल, तर लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.